परिचारिकेला पदवी कशाला?

'परिचारिकेला पदवी कशाला?' हा प्रश्न शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या समाजात दर वर्षी बारावीचा निकाल लागला, की नव्या दमाने विचारला जातो. विचारणारी माणसे दुष्ट नसतात. कुणी मुलीचे मामा असतात, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा, तर कुणी धर्मग्रामाच्या समितीवर वर्षानुवर्षे बसणारे ज्येष्ठ. 'सुई टोचायला, बिछाना बदलायला आणि ताप बघायला चार वर्षे घालवायची? दोन वर्षांचा कोर्स कर, हाताला काम लागेल, लग्नही वेळेवर होईल,' असा त्यांचा सल्ला असतो. सल्ल्यात माया असते, आणि त्या मायेखाली हिशेबही असतो. आम्हांला भांडायचे आहे ते त्या हिशेबाशी, कारण तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आपल्या मुली मोजतात.

आधी गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे परिचर्येच्या शिक्षणाच्या तीन वाटा आहेत. दोन वर्षांची सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ज्यांना गावात सगळे 'एएनएम बाई' म्हणतात ती. तीन वर्षांची सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका, म्हणजे जीएनएम. आणि चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी. पदविका घेतलेल्या मुलीला पुढे दोन वर्षे शिकून पदवीधर होण्याचीही सोय आहे. यांपैकी पहिल्या वाटेने गेलेल्या स्त्रियांविषयी आम्ही एक शब्दही उणा बोलणार नाही. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठची गावे त्यांच्या पायांवर उभी आहेत. पोलिओचे डोस, गरोदर बायांची नोंद, बाळंतपणे, हे सारे उन्हातान्हात त्यांनीच केले. तेव्हा पदवीधर मुलीचे हात एएनएम बाईच्या हातांपेक्षा अधिक पवित्र आहेत असे कुणी म्हणत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. निर्णय कोण घेणार, शिकवणार कोण, वॉर्डाची जबाबदारी कुणाच्या सहीने चालणार आणि डॉक्टरांपुढे 'हे औषध या रुग्णाला देऊ नका' असे कारणासकट कोण सांगू शकणार, असे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शिक्षणाच्या वर्षांवर अवलंबून असतात.

ही पदवी काही कालपरवाची फॅशन नाही. आपल्या देशात ती 1946 साली सुरू झाली, दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे स्वातंत्र्याच्याही एक वर्ष आधी. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दिल्लीच्या त्या महाविद्यालयाला पुढे ज्यांचे नाव मिळाले, त्या राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री होत. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 पासून चालू आहे. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातल्या बहुतेक परिचर्या महाविद्यालयांच्या पदव्या त्याच्या छत्राखाली आल्या. परिषदेने अभ्यासक्रमाची नवी नियमावली 2021 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार चार वर्षांची आठ सत्रे आहेत. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण, सूक्ष्मजीव, औषधविज्ञान, मनोविकार, बालरोग, प्रसूती, समाजारोग्य, संशोधन आणि व्यवस्थापन एवढे सारे त्या मुलीच्या डोक्यातून आणि हातांतून जाते. सुई टोचायला चार वर्षे लागत नाहीत हे खरे. कधी टोचू नये, हे कळायला लागतात.

आता आपल्या घराकडे वळू. दौंड तालुक्यातले केडगाव आपल्यापैकी पुष्कळांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिले असेल. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना त्यांनी तिथे आसरा दिला आणि 5 एप्रिल 1922 रोजी तिथेच देह ठेवला. पंडिताबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, म्हणून आपल्या व्यासपीठांवर त्यांचे नाव जरा आखडत्या हातानेच घेतले जाते. असो. त्यांची एक गोष्ट मात्र आपण पाठ करून ठेवायला हवी. 1882 साली, ख्रिस्ती होण्याच्याही आधी, हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना त्यांनी मागणी केली ती स्त्री-डॉक्टरांची. या देशातली बाई परपुरुषापुढे आपले दुखणे बोलत नाही आणि न बोलताच मरते, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, असे त्यांचे म्हणणे होते. 1885 मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरीन निधी उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही हातभार होता असे त्यांचे चरित्रकार मानतात. पंडिताबाईंनी आयोगाकडे दयाळू बाया मागितल्या नाहीत. दयाळू बायांची या देशात तेव्हाही वाण नव्हती. त्यांनी शिकलेल्या बाया मागितल्या. केडगावातही त्यांनी मुलींना नुसते जेवूखाऊ घालून बसवून ठेवले नाही. शिक्षिकेचे काम, परिचर्या, विणकाम, छापखान्याचे काम, असे पोटाला आणि डोक्याला पुरेल ते शिकवले. जिच्या अंगणात हे घडले त्या तालुक्यात आज आपण विचारतो, 'पदवी कशाला?'

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे, आणि तो आपण झाकून ठेवू नये. धर्मभगिनींनी वैद्यकी आणि विशेषतः प्रसूतीचे काम करावे की नाही, यावर शतकानुशतके निर्बंध होते. ऑस्ट्रेलियात डॉक्टर झालेल्या मेरी ग्लोरी 1920 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी होऊन वैद्यकी करू लागल्या, तेव्हा त्यासाठी रोमची खास परवानगी लागली होती. ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरबाईंनी 1925 मध्ये वैद्यकीय सेवेसाठी संस्था काढली. अखेर 1936 मध्ये रोमने आज्ञापत्र काढून धर्मभगिनींना प्रसूतीसह वैद्यकीय शिक्षण घेण्याची नुसती मुभाच दिली नाही, तर पात्र असतील त्यांनी रीतसर पदव्या, प्रमाणपत्रे मिळवावीत असे सुचवले. 1943 मध्ये सिस्टर मेरी ग्लोरी यांनीच कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभारली. सांगायचे ते हे, की प्रार्थना आणि कळवळा यांनी पदवीची जागा भरून निघत नाही हे खुद्द रोमने 1936 मध्ये मान्य केले. शिरूर-दौंडच्या समित्यांना तेवढे मान्य करायला आणखी किती वर्षे हवीत?

वॉर्डात प्रत्येक परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, मग ती कुठल्याही धर्माची असो. हा शब्द मठांतून आला आणि रुग्णालयात रुजला. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच्याबरोबर मठातली एक अपेक्षाही चोरपावलांनी आली, ती अशी की सिस्टरने पगाराविषयी बोलू नये. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत स्वतःहून, जाणतेपणी घेतलेले असते, आणि तिच्या म्हातारपणाची, आजारपणाची काळजी तिची संस्था वाहते. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलीने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही. तिच्या घरी वडिलांचे औषधपाणी आहे, धाकट्या भावाची फी आहे. तिला 'सेवा' हा शब्द ऐकवून अर्ध्या पगारावर बारा-बारा तास उभे करणे याला आमच्या भाषेत दुसरे नाव आहे. आज मात्र आम्ही 'काटकसर' एवढेच म्हणतो.

भल्या शोमरोन्याचा दृष्टान्त परिचर्येवरच्या प्रत्येक भाषणात येतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा तो परका मनुष्य साऱ्यांना आठवतो. त्याने दुसऱ्या दिवशी काय केले ते मात्र भाषणात सहसा येत नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही चुकता करीन असे सांगितले. त्या काळी दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. याचा अर्थ, ज्याने पुढचे दिवस त्या जखमी माणसाची शुश्रूषा केली, त्याला प्रभूच्या दृष्टान्तातही मोबदला मिळाला, तोही आगाऊ, आणि वाढीव खर्चाच्या हमीसह! उतारशाळेच्या मालकाला कुणी 'सेवा म्हणून कर' असे सांगितले नाही. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढले. ते आपण कारखानदारांना वाचून दाखवतो. आपल्या रुग्णालयांच्या आणि शुश्रूषागृहांच्या कचेऱ्यांतही ते वाचले जावे.

वेतनाचा विषय निघालाच आहे तर आकडे सांगून टाकू. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हलाखीविषयी सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी निर्देश दिले आणि केंद्र सरकारने समिती नेमली. समितीने शिफारस केली ती अशी: 200 पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेएवढे वेतन, 100 पेक्षा अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनापेक्षा फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटांचे लहानसे रुग्णालय असले तरी महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी नाही. रजा, कामाचे तास, वाहतूक, राहण्याची सोय या बाबतींतही सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने वागवावे असे समितीने म्हटले. शिफारशी राज्यांकडे गेल्या, कारण त्या अमलात आणायच्या तर कायदा राज्यांनी करायचा. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनाजवळ एखाद्या लहान रुग्णालयात कामाला असलेल्या आपल्या भाचीला, पुतणीला वाचकांनी एकदा विचारावे, की 2016 मध्ये सांगितलेले 20,000 आज तिच्या हाती पडतात का. उत्तर काय येईल ते आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांना ते ठाऊक आहे.

आणि भावनेच्या बळावर परिचारिकांना राबवायचे म्हटले की मर्यादा कशी सुटते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या कहाणीत साऱ्या देशाने पाहिले. 27 नोव्हेंबर 1973 रोजी काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना त्यांच्यावर हल्ला झाला. 18 मे 2015 रोजी त्यांनी देह ठेवला. मधली जवळपास 42 वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले, आणि 2011 मध्ये दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे खरे आप्त म्हणून रुग्णालयाच्या या कर्मचाऱ्यांनाच मान दिला. ही सेवा थोर आहे, त्याविषयी वाद नाही. पण 1973 मध्येच मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, अरुणासाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठी. तेवढे मात्र आपण विसरलो! बेचाळीस वर्षांच्या सेवेवर आपण प्रवचने करतो. त्या संपावर प्रवचन झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

'पण आपल्या तालुक्यात पदवीधर परिचारिकेला काम काय?' हा दुसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांनी दिवाळीनंतर दौंड तालुक्यात एक फेरी मारावी. उसाचा हंगाम सुरू झालेला असतो, गुऱ्हाळांचा धूर असतो, आणि बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या फडांच्या कडेला उभ्या राहिलेल्या असतात. त्या कोप्यांतल्या बायांविषयी 2019 मध्ये जे उघडकीस आले ते विसरण्यासारखे नाही. बीड जिल्ह्यात आरोग्य विभागाने केलेल्या पाहणीत 82,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाते, पोट दुखते, काम बुडते, म्हणून पिशवीच काढून टाक, असा सल्ला या बायांना मिळाला आणि त्यांनी कर्ज काढून तो पाळला. पाळीच्या दुखण्यावर आधी कोणते उपचार असतात, गर्भाशयमुखाची तपासणी कशी होते, तिशीत बीजकोश गेले तर हाडांचे पुढे काय होते, हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगणारी शिकलेली बाई त्यांच्या कोपीपर्यंत पोहोचली असती, तर त्यांतल्या कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या. रमाबाईंची 1882 ची मागणी आणि उसाच्या फडातली ही बाई यांच्यामध्ये 137 वर्षे आहेत. अंतर मात्र काही मैलांचेच आहे!

तीच गोष्ट कारखान्यांची. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत, शिरूरच्या बाजूला रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा सारा पट्टा यंत्रांचा आहे. सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातून जातो, नगर रस्ता शिरूर तालुक्यातून जातो, आणि दोन्ही रस्त्यांवर रात्री काय काय घडते ते यवतपासून शिरूरपर्यंतच्या रुग्णालयांना विचारावे. भाजलेला कामगार, डोक्याला मार लागलेला मोटारसायकलस्वार, उसात साप चावलेला शेतमजूर यांचे पहिल्या तासात जे होते त्यावर त्यांचे आयुष्य ठरते. पुण्याला न्यायचे म्हटले तर शिरूरहून आणि दौंडहून सत्तर किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आहे. त्या पहिल्या तासात खाटेजवळ उभी असलेली परिचारिका दाब का पडतो आहे, श्वास का अडतो आहे हे ओळखणारी असावी, की डॉक्टर येईपर्यंत नुसती 'धीर धरा' म्हणणारी?

शिवाय सरकारनेच दार उघडले आहे, ते आपल्याला दिसत नाही. सपाटीच्या भागात दर 5,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा दंडक आहे. 2018 पासून या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. सुरुवातीला महाराष्ट्रात या जागांवर प्रामुख्याने आयुर्वेदाचे पदवीधर घेतले गेले, पण बी. एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर, किंवा तो भाग पदवीतच शिकलेला असेल तर थेट, ही वाट खुली झाली. महिना 25,000 रुपये मानधन आणि कामगिरीप्रमाणे 15,000 पर्यंत अधिक असे तिचे स्वरूप राहिले आहे. नेमणूक कंत्राटी आहे, आणि त्याबद्दल या अधिकाऱ्यांनी आंदोलनेही केली आहेत. आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. पण लक्षात घ्या, आपल्याच गावाच्या उपकेंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण तपासणारी, औषध देणारी, एएनएम बाई आणि आशाताईंच्या कामाला दिशा देणारी अधिकारी म्हणून बसण्याचा हक्क या पदवीने मिळतो. दोन वर्षांच्या कोर्सने मिळत नाही.

मग आपल्या मुली मागे का? इथे आम्हांला आपल्याच समाजाला बोल लावायचा आहे. पदवीचा निर्णय बारावीनंतर होत नाही. तो दहावीनंतर होऊन गेलेला असतो. या पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, खुल्या वर्गाला 45 टक्के गुण लागतात, आणि 2023 पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. दहावी झालेल्या मुलीला 'सायन्सचा क्लास परवडत नाही, जवळच्या कॉलेजात आर्ट्स घे' असे आपण सांगतो. त्या एका वाक्याने तिची पदवी त्याच दिवशी संपते. दोन वर्षांनी धर्मग्रामात 'करिअर मार्गदर्शन' शिबिर भरवून उपयोग काय? कुलूप लागल्यावर किल्ल्यांचे प्रदर्शन!

पैशाचा प्रश्न खरा आहे. तो आम्ही उडवून लावणार नाही. पण त्याचे उत्तर शोधण्याइतकी तसदी तरी आपण घेतो का? आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या पूर्वजांनी ज्या जातींतून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. हा अन्याय आहे. त्याविषयी 2022 मध्ये केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या लढ्यात आम्ही आहोतच. परंतु महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, ही गोष्ट किती पालकांना ठाऊक असते? जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला या कागदांसाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला वर्षही लागू शकते. हे काम दहावीतच सुरू करायला हवे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आपल्या धर्मगुरूंच्या कपाटांत आहेत, सेवानिवृत्त कारकून आपल्या बाकांवर बसतात. त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर एक टेबल मांडले, तर समाजातल्या पाच-दहा मुलींची वर्षे वाचतील.

हे टेबल आपण मांडत नाही, म्हणून दुसरे कुणीतरी मांडते. एप्रिल-मे महिन्यांत एसटी स्थानकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानांत आणि आता मोबाइलवर 'नर्सिंगला खात्रीने प्रवेश' देणारे उगवतात. परीक्षेची गरज नाही, कागदपत्रे नंतर पाहू, हजेरीचेही बघून घेऊ, असे त्यांचे आश्वासन असते. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या अशा प्रवेशाला शुल्कमाफी मिळत नाही, हे ते सांगत नाहीत. ती संस्था खरी आहे की नुसती पाटी आहे, हेही सांगत नाहीत. पालकहो, रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि विद्यापीठ या तिघांची मान्यता या वर्षासाठी आहे का? संस्थेचे स्वतःचे किमान 100 खाटांचे रुग्णालय आहे का, की भाड्याच्या इमारतीत तीन मजल्यांवर वर्गच आहेत? आणि त्या खाटांवर रुग्ण आहेत का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रिकाम्या खाटांवर आणि प्लास्टिकच्या पुतळ्यावर शिकलेली मुलगी पदवीधर होईल, पण पहिल्या खऱ्या प्रसूतीला तिचे हात कापतील, आणि त्याची किंमत एखादी आई मोजेल. अशा पदवीपेक्षा चांगल्या रुग्णालयातली तीन वर्षांची पदविका शतपटीने बरी, हे आम्ही पदवीचे कैवारी असूनही सांगतो.

राहता राहिला परदेशाचा टोमणा. 'पदवी घेतली की उडून जातील.' केरळच्या कॅथलिक मुली 1960 च्या दशकात चर्चच्या मध्यस्थीने जर्मनीला गेल्या, पुढे आखातात गेल्या, आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर त्यांची भावंडे शिकली, घरे उभी राहिली. त्यांना कुणी पळपुट्या म्हणत नाही. आपली मुलगी गेली तर तिच्या हक्काने जाईल. पण ती जाऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तिला इथे न्याय्य पगार, सुरक्षित रात्रपाळी आणि कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली द्यावी. तिला कमी शिकवून गावात अडकवून ठेवणे हा उपाय आम्हांला मान्य नाही. लग्नाचीही तीच कथा. बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीला स्थळ मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती स्थळे कसली, याचाही विचार करावा. आणि मुलांनीही हे शिक्षण घ्यावे. वॉर्डात 'ब्रदर' ही हाक आता नवी राहिलेली नाही.

तेव्हा आमच्या मागण्या आम्ही इथे मांडतो. या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक धर्मग्रामाने येत्या जूनपासून दहावी पास झालेल्या मुलींच्या घरी दोन माणसे पाठवावीत आणि विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलीच्या क्लासचा, पुस्तकांचा आणि प्रवासाच्या पासाचा खर्च सणाच्या रोषणाईच्या आधी धरावा. शुल्क माफ झाले तरी वसतिगृह आणि खाणावळ माफ होत नाही, त्यासाठी पुण्यातल्या आपल्या संस्थांनी वसतिगृहांच्या खोल्या या मुलींना आधी द्याव्यात. आपल्या समाजाची जी जी रुग्णालये, दवाखाने, शुश्रूषागृहे आहेत, त्यांनी 2016 च्या समितीने सांगितलेले वेतन आपण देतो की नाही, हे पुढच्या वार्षिक अहवालात आकड्यांनिशी छापावे. आमच्याकडे असे अहवाल आले, तर या त्रैमासिकात आम्ही ते पान राखून ठेवू.